डॉक्टरांची दोन सीटांची गाडी

वडीगोद्रीच्या फाट्यावर आपण एसटीची वाट बघत उभं असावं आणि समोर लाल रंगाची, बुटकी, टप उघडी गाडी येऊन थांबावी. आत विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचे, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेले एक गृहस्थ. "अंबडला चाललात? बसा." समोर भाजीची टोपली घेतलेली बाई असो, मेंढरांमागचा माणूस असो, नाहीतर तहसीलमधला साहेब असो, ज्याच्यावर आधी नजर पडेल तो. एकच माणूस, कारण गाडीत दोनच सीटा होत्या. माणूस संकोचून, वाकून, अंग चोरून आत शिरायचा आणि दार ओढायला गेला की पहिली सूचना मिळायची, "हळू. दार हाय ते, गोठ्याचं फाटक न्हाई."

हे माझे घरमालक. निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर. माझी नेमणूक तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली तेव्हा मी खोली शोधत त्यांच्या दारात गेले. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि मान डोलावली.

"म्हणजे जमीनवाल्यांच्या घरच्या तुम्ही. आन् आम्ही बौद्ध. आता बघा, तुम्ही राहणार वरच्या मजल्यावर आन् आम्ही खाली. परत तेच झालं की हो बाई!"

आणि ठसका लागेपर्यंत हसले. कुठं बघावं ते मला कळेना. आतून त्यांच्या पत्नी, ज्यांना मी पुढं काकू म्हणू लागले, पदराला हात पुसत आल्या. "घाबरू नका. प्रत्येक भाडेकरूला हेच ऐकवतात. मागचा भाडेकरू तर आमचा सख्खा पुतण्या होता."

मी खोली घेतली. बदली होईपर्यंत तिथंच राहिले, आणि त्या काळात एवढा विचित्र माणूस मी दुसरा पाहिला नाही. भेटलं की 'कसं काय' नाही, 'नमस्कार' नाही. थेट "चारा-पाणी झालं का?" हे मलाही, पोस्टमनलाही आणि शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनाही. माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी ते त्याच्या चालण्याकडे बघत. एकदा मी जिना उतरत होते, तर खालूनच म्हणाले, "उजवा गुडघा सांभाळून राह्यल्या तुम्ही. कधी पडल्ता?" मी खरोखरच लहानपणी पडले होते आणि ते विसरूनही गेले होते. त्यांचं म्हणणं असं, की जनावर ज्या पायानं लंगडतं त्या पायाला लगेच हात लावू नये, दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्याच पायात असतं. यावर काकू म्हणायच्या, "आणि बोलणी तिसऱ्यालाच बसतात. म्हणजे मला."

हॉर्न त्यांनी कधी वाजवला नाही. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या तर इंजिन बंद करून बसायचे. मागं ट्रकवाले बोंबलत असायचे आणि हे प्रत्येक म्हशीची कास आणि खुरं न्याहाळत असायचे. त्यांच्याबरोबर अंबडला पोचायला एसटीपेक्षा जास्त वेळ लागायचा, हे मी अनुभवावरून सांगते.

गाडीची गोष्ट अशी. डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा सगळ्या नात्यागोत्याला वाटलं, आता मोठी, सात-आठ माणसं बसतील अशी गाडी येणार. डॉक्टर पुण्याला गेले आणि कुणा हौशी माणसाकडून ही जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेऊन आले. तिचे पुढचे दिवे एरवी झाकलेले असत आणि बटण दाबलं की डोळे वटारल्यासारखे वर येत. गावानं तिचं नाव 'बेडकी' ठेवलं. काकू आठवडाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

दोनच सीटा का, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

"मी कुंभार पिंपळगावचा. आमच्या गावच्या मालकाची बैलगाडी बाजाराला जायची. माल गाडीत, मालक गाडीत, आन् मी आन् माझी आक्का गाडीमागं पायी. पुढं डाक्टर झालो. सरकारी जीप. साहेब पुढं, मी मागं, औषधाच्या खोक्यांवर. म्हणलं, आता अशी गाडी घ्यायची जिला 'मागं' हा प्रकारच न्हाई. जो बसंल तो माझ्या बराबर बसंल."

आणि मग हमखास त्यांच्या आयुष्यातला तो मोठा दिवस यायचा. गाडी घेतली आणि पहिल्यांदा गावी नेली तो दिवस. तेच मालक, आता म्हातारे झालेले, चावडीपाशी उभे होते. डॉक्टरांनी गाडी थांबवली. "म्हणलं, बसा मालक. आन् बसले! माझ्या खांद्याला खांदा लावून. गावातून दोन चकरा मारल्या बाई, दोन." ही हकिगत त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या प्रत्येकानं ऐकली असेल. मी तर इतक्यांदा ऐकली, की ते कुठं थांबणार आणि कुठं स्टिअरिंगवर थाप मारणार, हेही मला ठाऊक झालं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी आक्काही त्या गाडीत बसली होती. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना वाढवलं. मालकाच्या वावरात खुरपं धरून भावाला शाळेत घातलं, स्वतः मात्र शाळेचं तोंड पाहिलं नाही. गावाबाहेर वळणावर एक खड्डा होता. गाडी दणकली, आक्कानं कंबर धरली. घरी गेल्यावर तिनं अंथरूण धरलं ते कित्येक दिवस. उठली तेव्हा म्हणाली, "त्या गाडीत म्या पुन्हा न्हाई बसत."

नुसती गाडी सोडली असती तर निभावलं असतं. पण आक्का भावाच्या घरीच येईनाशी झाली. आधी दर जयंतीला एसटीनं यायची, बचकभर शेंगा आणायची, चार दिवस राहायची. आता विचारलं की एकच उत्तर, कंबर. आणि डॉक्टर हट्टाला पेटले. एसटीनं आणा, जीप करून आणा, असं सगळ्यांनी सांगून झालं. "जीपमध्ये मागं बसवू आक्काला?" ते उसळून म्हणायचे. "न्यायची तर शेजारी बसवून न्यायची. न्हाईतर मी भाऊ कसला?" काकू मला एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "यांना दुसरं काही नको आता. आक्का या घरात आली पाहिजे, एवढंच." काकूंचा आवाज ऐकून मलाही वाईट वाटलं.

दोष गाडीचा आहे असं एकदा ठरल्यावर डॉक्टर गाडीखाली शिरले. चाकाला गाडीशी जोडणारे जे लोखंडी हात असतात, त्यांच्या सांध्यात रबराच्या जाड बांगड्या असतात. गॅरेजवाले त्यांना बुश म्हणतात. खड्ड्याचा दणका आधी तिथं जिरतो. या गाडीचे बुश तिच्याच वयाचे होते. रबर चिरलं होतं, लोखंडावर लोखंड आपटत होतं. हायवेवरच्या मिस्त्रीनं हात वर केले, असल्या गाडीला कोण हात लावणार म्हणाला. डॉक्टरांना तेच हवं होतं. "आयुष्यभर सांधेच बघितलेत की मी. हे तर लाथ बी मारत न्हाई."

बुश पुण्याहून आले. उन्हाळ्याची सुट्टी होती, मला गावी जायचं होतं, पण हा सोहळा सोडून जाववेना. सकाळी उन्हं चढायच्या आत अंगणातल्या लिंबाखाली काम चालायचं. मी दिवा धरायचा, पाने द्यायचे आणि "बराबर बसलं का?" या प्रश्नाला "हो" म्हणायचं. नवे बुश थंड केले की जरासे आकसतात आणि सोपे बसतात, म्हणून डॉक्टरांनी ते फ्रिजमध्ये ठेवले. काकूंनी विरजण काढायला हात घातला आणि हातात काळं रबर आलं.

"अहो, एवढी वर्षं या फ्रिजमध्ये गुरांच्या लशी ठेवल्या, मी काही बोलले? आता गाडीचे अवयव?"

"दह्याच्या खालच्या कप्प्यात हायेत. शिवाशिव न्हाई झालेली," आतून उत्तर आलं.

जुने बुश काढणं हे खरं कष्टाचं काम. लोखंडी हात शिकंज्यात धरून, एका बाजूला पाइपाचा तुकडा लावून, दुसरीकडून आवळत न्यायचं. घामानं डॉक्टरांचा बनियन पिळून निघायचा. नवा बुश आत ढकलताना मी तेलाचा डबा पुढं केला तर ओरडले. तेलानं रबर फुगतं म्हणे. त्यांनी काकूंकडून साबणाचं पाणी मागवलं आणि कोपरापर्यंत हात बुडवून त्या बुशाला असं काही चोळलं, की वाटावं, गाय अडली आहे आणि वासराचा पाय हाताला लागायचाच काय तो बाकी आहे. तोंडानंही तसंच चाललेलं, "ये, ये माझ्या राजा, ये बाहेर." बुश खरं तर आत जायला हवा होता. तो गेलाही.

सगळे सांधे बसले, बोल्ट आवळून झाले, चाकं चढवली आणि गाडी खाली उतरवली. पहिल्या फेरीला मला नेलं. शहागडपर्यंत गेलो. गोदावरीच्या पुलावर गाडी इतकी गुमान चालली, की डॉक्टर गाणं म्हणायला लागले. त्यांना गाता येत नाही.

पण पुढच्या काही दिवसांत गाडी कुरकुरायला लागली. उभी असली तरी नेहमीपेक्षा उंच दिसायची. मग खडखड परत आली. डॉक्टरांनी एक हात खोलला तर नवंकोरं रबर गोल फाटलेलं. तो तुकडा तळहातावर घेऊन ते पायरीवर बसून राहिले. चहा गार झाला. मला वाटलं आता हा नाद सुटणार, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंही वाटलं.

चूक सापडली ती एका बैलापाशी. निवृत्त झाले तरी लोक बोलवायचेच. शहागडजवळच्या एका वस्तीवर मागचा पाय झटकत चालणारा बैल होता. शाळेला सुट्टीच होती, मी बरोबर गेले. दोर टाकून बैल आडवा पाडला, पाय बांधले, गुडघ्यापाशी छोटासा छेद दिला. लगेच दोर सोडून डॉक्टर बैलवाल्याला म्हणाले, "उठव. चालव त्याला." आडव्या जनावरात सांधा बरा दिसतो, अंगाचं वजन पायावर आलं की खरं कळतं, हे त्यांचं नेहमीचं. बैल उठला, चार पावलं नीट चालला. बैलवाला हात जोडत होता. डॉक्टर मात्र बैलाच्या पायांकडे बघत तसेच उभे.

"बाई," ते म्हणाले, "आपण गाडी आडवी पाडूनच बांधली की."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला समजावलं. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, उचललेली असताना चाकं खाली लोंबत असतात. आपण त्याच अवस्थेत बोल्ट करकचून आवळले. त्यामुळं रबरानं ती लोंबती जागा धरली. गाडी खाली आली, चाकं वर सरकली, आणि बिचारं रबर मान मुरगाळून झोपलेल्या माणसासारखं सतत पिळलेलंच राहिलं. मग फाटणारच. बोल्ट आधी सैल ठेवायचे, गाडी स्वतःच्या पायावर उभी करायची, आणि मग आवळायचे. जन्मभर जनावरं आडवी पाडून काम केलं, हात तसेच गेले, असं म्हणून ते इतके हसले, की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली.

पुन्हा बुश मागवले. पुन्हा फ्रिज, पुन्हा साबण, पुन्हा काकू. या वेळी मात्र बोल्ट आवळण्याआधी गाडी जाड फळ्यांवर चाकांनिशी उभी केली. माझा आपला अंदाज, की आता झालं. पण डॉक्टरांनी काकूंना हाक मारली आणि आपल्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या, सीटवर बसायला सांगितलं. गाडीत माणसं असताना जशी बसते तशीच ती बसली पाहिजे. मी शेजारच्या सीटकडे निघाले तर म्हणाले, "तुम्ही न्हाई. तुम्ही जड हाये. आक्का वाळकी हाय." आणि घरातून ज्वारीचं पोतं ओढत आणलं. त्यातली ज्वारी काढून, पोतं उचलून बघून, परत थोडी घालून, त्यांनी आक्काचं वजन जमवलं. मग ते पोतं सीटवर नीट टेकवलं आणि त्याला पट्टा लावला. काकू स्टिअरिंगपुढं ताठ बसलेल्या, शेजारी पट्टा बांधलेलं पोतं, आणि गाडीखालून डॉक्टरांचे दोन पाय बाहेर. मी पोट धरून हसले. हसता हसता मधेच मला रडूही आलं.

जून लागला होता. गाडी काही आठवडे चालवून, सगळे खड्डे मुद्दाम पारखून, डॉक्टर एका सकाळी मला म्हणाले, "चला, आक्काला आणायला. येताना मात्र तुम्ही एसटीनं या." मी मान्य केलं. काकूंनी आदल्या दिवशीच आक्कासाठी वेगळी गादी उन्हात टाकली होती.

कुंभार पिंपळगावात शिरल्यावर त्यांनी गाडी शाळेपाशी लावली आणि आम्ही चालत आक्काच्या घरी गेलो. आक्का ओट्यावर डाळ निवडत बसली होती. बारीक अंग, कपाळ मोकळं, नजर मात्र भावापेक्षा तेज. मला पाणी दिलं, चहा टाकायला सुनेला सांगितलं. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. रस्त्यात दहा जणांना हसवणारा माणूस तिथं पोरासारखा बोलत होता.

"आक्का, गाडी नीट केली म्या. सोता, माझ्या हातानं. आता बिलकुल धक्का न्हाई. तुझ्या कमरेला काई..."

"कमरेला काय झालंय माझ्या? काल दिवसभर धसकटं येचली."

डॉक्टर गोंधळले. "मंग त्या वक्ताला अंथरूण धरल्तं ते?"

"धरल्तं. कमरेपायी न्हाई धरल्तं. कंबर सांगायपुरती व्हती."

सुपातली डाळ तिनं एकदा पाखडली आणि सूप बाजूला ठेवलं. आवाज चढवला नाही.

"तू गाडी घेऊन येणार म्हणून सांगावा आल्ता. म्या सकाळपासून नवं लुगडं नेसून हितंच बसल्ते. साऱ्या बायांला सांगून ठेवल्तं. आन् तू कुणाला बसवलंस? मालकाला. दोन चकरा मारल्यास. आवाज येऊन राह्यला होता मला हितं. त्याच्या वावरात माझी उमर गेली तुझ्या शाळंपायी, आन् तू आधी त्याला बसवलंस. दिवस मावळताना मला म्हन्लास, चल आक्का. बसले तर गादी गरम व्हती. त्याच्या अंगानं गरम झाल्ती ती. मला न्हाई सोसलं ते, बापू."

मी डॉक्टरांकडे बघू शकले नाही. ज्या दिवसाची हकिगत ते साऱ्या जिल्ह्याला सांगत फिरले होते, त्याच दिवशी बहीण या ओट्यावर बसून होती. मालक आपल्या बरोबरीला बसला, या आनंदात त्यांना ती दिसलीच नव्हती. मला त्यांचा राग आला आणि त्यांची फार कीवही आली. सुनेनं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली.

डॉक्टर म्हणाले, "चुकलं माझं, आक्का."

"हां," आक्का म्हणाली. "कुठंय गाडी?"

"शाळेपाशी."

"हितं आन."

"गल्लीत न्हाई येत गं ती. नाल्या हायेत, दगडं हायेत. खालून पोट घासतंय तिचं."

"घासू दे."

डॉक्टर उठले. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज आला आणि पाठोपाठ लोखंड दगडावर घासल्याचा असा आवाज, की माझ्या अंगावर काटा आला. ज्या माणसाला दार जोरात लावलेलं चालत नव्हतं, तो त्या नाल्यांवरून आणि दगडांवरून गाडी आणत होता. पोरं पुढं पळत होती, बाया दारात येत होत्या. तोवर आक्का आत जाऊन लुगडं बदलून आली. गाडी ओट्याला लागली. आक्कानं सीटवर आपली घडी घातलेली वाकळ अंथरली, वाकली, आणि भावाचा हात न धरता आत बसली. पट्टा मात्र तिनं त्यांना लावू दिला.

गाडी वळवायला जागा नव्हती. गल्ली शेवटपर्यंत जाऊन पलीकडच्या रस्त्याला निघत होती, तेवढीच एक वाट. डॉक्टरांनी गियर टाकला. दोन घरं पुढं गेले नाहीत तोच गाडीचं पोट पुन्हा खरवडलं आणि सवयीनं त्यांचा पाय ब्रेकवर गेला. ते वाकून खाली बघायला लागले.

"थांबला कामून?" आक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. "चल की. हळू ने, जल्दी न्हाई आपल्याला. बघू दे समद्यायला."